गोठलेल्या जगातली ताई

३ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तुझ्याकडेही तसंच असावं. पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर आपली गाडी "कशी आहेस" आणि "बरी आहे" यापुढे सरकत नाही, म्हणून म्हटलं लिहावं.

तुझं पुस्तक मिळालं. मी कामावर होते, पार्सल शेजारणीने घेतलं. देताना म्हणाली, "वजनावरून मला वाटलं काही खायचं असेल." पुस्तक खरंच जाड आहे. कागद चांगला आहे, मुखपृष्ठावरचा बर्फ अगदी खरा वाटतो. आत तू "सस्नेह" लिहून सही केली आहेस. पूर्वी तू सहीच्या शेवटी एक शेपटी काढायचीस, ती आता दिसत नाही.

मागच्या बाजूला तुझी माहिती छापली आहे. "लेखिकेचं बालपण एकांतात गेलं." हे वाचून मी पुस्तक जरा वेळ पालथं घालून ठेवलं. हा एकांत कुठल्या खोलीत होता ते कळव. दोन खोल्या, त्यात आई, आत्या, मी, तू आणि आत्याचं शिलाई मशीन. तुला एकटं बसायचं असलं की तू पलंगाखाली शिरायचीस, आणि तिथेही मी बशीत काहीतरी घेऊन तुझ्या मागोमाग यायचे. असो. छापणाऱ्यांचं काय, ते वाटेल ते छापतात.

मी अजून कोल्ड स्टोरेजमध्येच आहे, आम्ही नुसतं कोल्ड म्हणतो. वाटाणा, मका, मासळी, सगळं दगड होऊन येतं, आम्ही खोक्यांत भरायचं आणि थप्प्या लावायच्या. माणसंही वाटाण्यासारखी टणक होऊ नयेत म्हणून मधूनमधून आम्हाला बाहेर काढून एका गरम खोलीत बसवतात. दारावर "विश्रांती कक्ष" अशी पाटी आहे, पण तिला सगळे माहेर म्हणतात. तिथे जायचंय या आशेवर दिवस निघतो, आणि टेकतो न टेकतो तोच पाठवणी होते. आमचा फोर्कलिफ्टवाला चांगला दाढीमिशीवाला बाप्या आहे, तोही "माहेरी जाऊन येतो हं" म्हणून सांगून जातो. माझी जुनी खोड इथेही सुटलेली नाही. खोलीत शिरले की आधी सगळ्यांचे हातमोजे गोळा करते, उलटे करते आणि हीटरवर पसरते. उलटे केल्याशिवाय आतली ओल जात नाही हे हजारदा सांगून झालं, तरी लोक सुलटेच टाकतात.

या माहेरात मोठ्याने वाचायची पद्धत आहे. कोणी सुरू केली माहीत नाही, मी लागले तेव्हापासून आहे. फोन आणायला बंदी, मग माणसांनी करायचं काय? पुस्तक हाती घेतलं की कितीही रटाळ निघालं तरी पुरं करायचं. ते खोलीतल्या खणातच ठेवायचं, घरी न्यायचं नाही. आणि वाचणाऱ्याने पुढचं चोरून वाचायचं नाही, काय होतंय ते सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे. सध्या वाचनाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तुझं पुस्तक तिथेच नेलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही. तू टोपणनावाने लिहितेस ते एका अर्थी बरंच झालं.

लोक ऐकतायत. पॅकिंगच्या मावशी, सगळ्यांत जुन्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, बर्फच ऐकायचा तर आत काय कमी आहे? माणसं कुठायत यात?"

मी म्हटलं, "येतील."

"कधी? मी रिटायर झाल्यावर?"

फोर्कलिफ्टवाल्याला आम्ही हॉर्न म्हणतो, कारण वाटेत कोणी असो नसो, तो वाजवतोच. त्याची शंका वेगळी होती. "बाई, ही पोरगी इतकी चालतेय, हिला भूक कशी लागत नाही?" मी म्हटलं, दुःखात लागत नसते. तो म्हणाला, "मला तर दुःखात दुप्पट लागते."

ते सोड. मला आवडलं आहे. सूर्य विझत चाललाय, समुद्र गोठलाय, आणि एक मुलगी घसरगाडी ओढत, कुठेतरी धूर दिसतो म्हणतात तिकडे निघाली आहे, ही कल्पना चांगलीच आहे. भाषाही सुंदर आहे, बर्फाला किती नावं दिली आहेस! फक्त एक विचारायचं होतं. मुलगी इतकी एकटी का? जग गोठलं हे मान्य. पण गोठण्याआधी तिचं कोणी होतं की नाही? आई एका ओळीत येते आणि जाते. बाकी कोणाचा पत्ता नाही. पुढे येत असेल कोणी. मला पुढचं बघायची मुभा नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. कळावे, लोभ असावा.

तुझी
मोठी बहीण

ता. क. अक्षर वेडंवाकडं आलंय. पेन जुनं झालंय.


२० डिसेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, कामात असशील. उत्तरासाठी हे लिहीत नाही. एक भानगड झाली आहे, आणि ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून तुला कळलेली बरी.

तुझं पुस्तक आमच्या लोकांच्या गळ्याखाली उतरेना. राग मानू नकोस. नियम म्हणून सगळे यायचे, बसायचे, आणि दुसऱ्या पानाला माना पडायच्या. एकदा तर तुझं अख्खं शहर बर्फाखाली जात होतं आणि मावशी घोरत होत्या. मला फार लागलं. माझ्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवली तर मी हसून सोडते, पण हे मला सोसेना. लोक जांभया देत होते आणि माझे कान तापत होते.

त्या दिवशी मोडक्या बसमधलं प्रकरण चाललं होतं. मुलगी काडी ओढायला बघते, बोटं वळत नाहीत, आणि मग तू दोन पानं नुसती शांतता लिहिली आहेस. मी एक पान वाचलं. कोणी ऐकत नव्हतं. आणि माझ्या तोंडून गेलं, "'सरक बाजूला,' ताई म्हणाली."

खोलीत एकदम जाग आली. मावशींनी डोळे उघडले. "कोण ताई?"

आता काय सांगणार! मी म्हटलं, "तिची ताई. ओझं होतं म्हणून मागे पडली होती, आत्ता पोचली."

"मग हे आधी नाही का वाचायचं!" मावशी सरसावून बसल्या.

तेव्हापासून ताई आहे. एकदा आत घेतलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं? मी तुझं पान वाचते, आणि मधेमधे ताई बोलते. ती घसरगाडीच्या गाठी स्वतः तपासते. मुलीने नीट बांधल्या असल्या तरी सोडून पुन्हा बांधते. पडक्या घरात झोपायचं तर आधी झाडून घेते. मुलगी म्हणते, "ताई, जग बुडालंय." ताई म्हणते, "बुडालं म्हणून काय उकिरड्यात लोळायचं?" यावर मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आता सगळे वेळेआधी येऊन बसतात. आमचे सुपरवायझर, ज्यांचा पारा दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो म्हणून आम्ही त्यांना थर्मामीटर म्हणतो, तेसुद्धा दारात उभे राहून ऐकतात आणि पाठवणीची घंटा थोडी उशिरा देतात. तुझ्या बर्फाचीही आता तारीफ होते. ताई त्यावरून घसरून पडली की लोकांना बर्फ दिसतो.

मधे एकदा जीव टांगणीला लागला. मला एका कामासाठी बाहेर जावं लागलं, आणि माझ्या जागी हॉर्नने वाचलं. दुसऱ्या दिवशी मी आले तर खोलीत नुसता कल्ला. मावशी त्याच्या अंगावर धावून गेल्या होत्या. "या मेल्याने ताई गाळली! पानंच्या पानं गाळली!" तो बिचारा शपथा घेत होता की जे छापलंय तेच वाचलं. "छापलंय तर ताई कुठे गेली मग? बर्फाने खाल्ली?" मी पुढे झाले. पुस्तक घेतलं आणि कालचंच प्रकरण पुन्हा वाचलं, ताईसकट. मावशींनी त्याच्याकडे बघून "ऐकलंस?" केलं. त्याने मान खाली घातली. पण पाठवणीच्या वेळी तो माझ्या बाजूने गेला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचा चष्मा चांगला दिसतोय. आम्हाला नाही दिसत ते दिसतं." त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांची बोलणी मात्र खाल्ली.

तोच परवा आणखी एक गोष्ट बोलला, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. ताईने मुलीला बाजूला सारून शेकोटी पेटवली, तेव्हा सगळे वा वा करत होते. हा म्हणाला, "ताई भली आहे, पण ही आहे तोवर पोरगी एक काडी ओढायची नाही."

खरं आहे. मी हे वाचताना रोज अनुभवते आहे. तुझ्या पानावर मुलगी काहीतरी करायला जाते, आणि ताई आधीच करून मोकळी झालेली असते. मग तुझी पुढची ओळ मला वाचताच येत नाही, कारण मुलीला करायला काही उरलेलंच नसतं. एकदा ताईला ताप आणला, एकदा पाय मुरगळला, तेव्हा कुठे तुझी गोष्ट एक पाऊल पुढे गेली. आता गोठलेलं तळं आलं आहे. तिथे थांबलोय. बर्फ पातळ आहे, एकाच माणसाचं वजन पेलेल, आणि मुलीला पलीकडे जायचंय. ताई तिला जाऊ देणार नाही. मी तिला ओळखते, ती हातपाय पसरून आडवी पडेल पण जाऊ देणार नाही.

आई गेल्यावर मी तुझ्यासाठी इथल्या ऑफिसात जागा बघितली होती. साहेबांशी बोलून, टेबल कुठलं तेही ठरवून आले होते. खिडकीजवळचं. तुला विचारलं नव्हतं. तू बॅग भरलीस, आणि त्या बॅगेची चेनसुद्धा मीच लावून दिली. मला वाटलं होतं, आठ दिवसांत परत येशील.

असो, भानगड सांगायची राहिली. मी जानेवारीत कोल्ड सोडते आहे. गेटवर बसायचं काम मिळतंय, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद. बसून काम, खिडकीतून ऊन, बढतीच म्हणायची. तर या लोकांनी माझ्या निरोपाला मला न सांगता काय करावं? थर्मामीटरनी तुझ्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. आमच्या वाचनबाईंच्या आवडत्या लेखिकेने येऊन शेवटचं प्रकरण स्वतः वाचावं, अशी विनंती. मावशींच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला कळलं. "बाई, तुमच्या ताईला जिने लिहिलं, ती बघायला मिळेल," म्हणाल्या.

तू आलीस तर ते तुला आधी ताईबद्दल विचारतील. तुझ्या पुस्तकात ती नाही. ती मी घातली. एवढं सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, आणि "कृपा करून येऊ नकोस" असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. आता इथवर आले, तर ते लिहवत नाही. ये किंवा येऊ नकोस. आलीस तर मला ओळख दाखवायची की नाही ते तुझं तू ठरव. मी कोपऱ्यात हीटरजवळ असते.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

तुझी
ताई

ता. क. पेन बदललं. अक्षर तसंच आहे, टेबलाचा पाय हलतो बहुतेक.


१७ जानेवारी

धाकटे,

तू आली नाहीस.

तुझं उत्तर आलं, पण थर्मामीटरच्या नावाने. त्यांनी ते माहेरात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. येणं जमत नाही, क्षमस्व. आणि खाली, "शेवटचं प्रकरण तुमच्या वाचनबाईंनाच वाचू द्या. मात्र पदरचं काही घालू नका म्हणावं." याचा अर्थ कोणालाच लागला नाही. मावशी म्हणाल्या, "पदरचं म्हणजे? खाऊबिऊ वाटतात का कुठे वाचताना?" एकटा हॉर्न खिडकीकडे तोंड करून हसत होता. मलाही हसू आलं. लहानपणी मी तुझी चित्रं रंगवायला घेतली की तू असंच हातातून कागद ओढायचीस.

त्याआधी तळ्याचं सांगते. ताईला मी अलीकडच्या काठावरच थांबवलं. तिच्याकडून कसं वदवलं ते माझं मला माहीत. तीन दिवस मी तळ्यावरच घुटमळत होते, कधी खोकला आला म्हणून वाचन थांबवायचं, कधी चष्मा सापडत नाही म्हणायचं. शेवटी ताई म्हणाली, "जा. गाठी मी तपासलेल्या नाहीत, तूच बांधल्या आहेस, म्हणजे सुटणार नाहीत." मुलगी निघाली. मागे वळून बघितलं नाही, तुझ्या पानावर तसंच आहे. बर्फ करकरला, आणि ती पलीकडे पोचली. तुझं ते प्रकरण मी एक अक्षर न बदलता वाचलं. कोणीही जांभई दिली नाही. मावशींनी विचारलं, "आणि ताईचं काय?" मी म्हटलं, "बघू."

धाकटे, पहिल्या पत्रात मी लिहिलं की पुस्तक आवडलं. ते खरं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. पान उलटताना मी दर वेळी स्वतःला शोधत होते. मोठी भूमिका नको होती गं. एखादी ओळ, एखादी हाक. तुला अंगाखांद्यावर वाढवलं, आणि जग बुडाल्यावर तुला माझी आठवणसुद्धा येऊ नये? वाईट वाटलं, रागही आला. ताई मी रागानेच आत घातली होती. मग तिला घेऊन चालून बघितलं तेव्हा कळलं की तिच्यासकट तळं ओलांडताच येत नाही. तुला ते लिहायचं होतं आणि मी वाटेत होते. हे कळलं म्हणून वाईट वाटणं कमी झालं असं नाही. पण राग गेला.

परवा माझा कोल्डमधला शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी मिळून मला एक लोकरीची शाल दिली, आणि मावशी रडल्या, त्यांचं बघून थर्मामीटरही रडले. मग मी खणातून पुस्तक काढलं. ठरवल्याप्रमाणे जसं छापलंय तसं वाचत गेले. मुलगी धुराच्या दिशेने चालते, टेकडी चढते, घर दिसतं. दार ढकलते. आत कोणी नाही. मला वाटलं, घ्या, शेवटही रिकामाच. खोलीतली दोनचार माणसं उसासली. आणि पुढची ओळ आली. मला पुढचं बघायची मुभा नव्हती, त्यामुळे ती मलाही सगळ्यांबरोबरच कळली.

शेगडी अजून गरम होती, आणि तिच्या कडेला लोकरी मोज्यांची एक जोडी उलटी करून वाळत घातली होती.

पुढचं मला वाचता येईना. पुस्तक मांडीवर टेकवलं. तू भिजून शाळेतून यायचीस तेव्हा मी तुझे मोजे असेच लावायचे, आणि सकाळी सुलटे करत बसावं लागतं म्हणून तू चिडायचीस. मी मान वर करून हीटरकडे बघितलं. सगळ्यांचे हातमोजे तिथे उलटे पडले होते, मीच आत्ता पसरलेले. मला वाटतं, खोलीतल्या बाकीच्यांनीही एकदमच तिकडे बघितलं.

मावशी ओरडल्या, "पोचली! ताई आधी पोचली!" आणि मला समजावून सांगायला लागल्या, जशी काही मला गोष्टच कळली नाही. "तळं तिला पेलणार नव्हतं ना, म्हणून वळसा घालून गेली बघ. असली माणसं वळसा घालून जातील, पण आधी पोचतील आणि शेगडी पेटवून ठेवतील. लेखिका हुशार आहे हो, मी उगाच घोरले."

सगळे खूश झाले. पण हॉर्न बोललाच. "शेगडी पेटवली, मोजे ठेवले, सगळं झालं. मग थांबली का नाही? घरात कोणी का नाही?"

मग त्याने माझ्याकडून पुस्तक घेतलं. उरलेली अर्धी ओळ त्यानेच वाचली, मुलगी शेगडीजवळ बसते एवढीच, आणि पुस्तक संपलं. घंटा झाली. ते सगळे आत गेले आणि मी पहिल्यांदाच गेले नाही.

आता अक्षराचं. पेनाचा दोष नाही आणि टेबलही हलत नाही. उजव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळेनासा झालाय. हीटरवर धरली तरी ऊब लागत नाही, पेन हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागते. हॉर्नने वाचलं त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले होते. ते म्हणाले, थंडीचं काम लवकरात लवकर सोडा, आणि गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही. गेटवरची बढती ती ही. "काळजी करण्यासारखं काही नाही" असं लिहिणार होते. पण खरं सांगू? थोडी काळजी कर. मला बरं वाटेल.

हे पत्र लिहायला दोन दुपारी लागल्या. काल अर्धं लिहून ठेवलं आणि हॉर्नच्या प्रश्नावर विचार करत बसले. तू लिहिताना काय ठरवलं होतंस मला माहीत नाही. कदाचित तुलाही वाटत असेल की ताई मोजे ठेवून निघून गेली. किंवा मुलगी आली म्हणून गेली. तसं नसेल गं. पेटती शेगडी सोडून कोणी घर टाकून जात नाही. लाकडं संपत आली असतील, एवढंच. तुझ्या मुलीला सांग, घाबरू नकोस, मोजे सुलटे करून पायात घाल आणि बस. दार लोटलेलंच आहे.

लाकडं घेऊन येतेच आहे,

ताई